महिला मंडळ : वस्तीची सेवा आणि सभासदांची घडण

जिंतूर असो, पूर्णा असो की गंगाखेड, आपल्या बहुतेक वस्त्यांत महिला मंडळ असते. बऱ्याच ठिकाणी त्याला माता रमाईचे नाव असते. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि वर्षावासातले ग्रंथवाचन मंडळाच्या बाया मनापासून पार पाडतात. पण वस्तीतली एखादी लेक बाळंतपणात अडली किंवा एखादीला 'पिशवी काढा' असे सांगितले, तर ती कुणाकडे जाते? तिला मंडळाचे दार आठवते का? या महिन्यात आम्ही याच गोष्टीवर लिहीत आहोत.

मंडळाची दोन कामे असतात. एक म्हणजे वस्तीची सेवा आणि दुसरे म्हणजे आपल्या सभासद बायांना शिकवून पुढे आणणे. नुसती सेवा केली तर दोन-चार बायाच राबतात आणि त्या थकल्या की काम थांबते. नुसतेच शिकत राहिलो तर वस्तीच्या हाती काही पडत नाही.

आपल्याकडची वाट

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारो बाया आल्या होत्या. परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला आणि कामगार बायांसाठी रजा व सवलती मागितल्या. बाबासाहेबांनी तिथे बायांना स्वच्छ राहायला, मुलामुलींना शिकवायला आणि लग्नाची घाई न करायला सांगितले. त्याआधी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या हक्काच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. म्हणजे बाईच्या आरोग्याचा विषय आपल्या चळवळीत पहिल्यापासून आहे.

सातासमुद्रापलीकडच्या बहिणी

अमेरिकेतल्या काळ्या समाजाचा लढा बाबासाहेबांना जवळचा वाटत होता. त्यांनी १९४६ साली तिथले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिले होते. त्याच समाजातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलींनी १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 'अल्फा कप्पा अल्फा' हे भगिनी मंडळ काढले. शिक्षण संपले तरी सभासदपण सुटत नाही. बाया आपापल्या गावच्या शाखेत आयुष्यभर काम करतात.

१९३४ साली या मंडळाने मिसिसिपी राज्यात खेड्यातल्या शिक्षिकांसाठी उन्हाळी शाळा घेतली. तिथे त्यांच्या लक्षात आले की लेकरे आजारी आणि उपाशी आहेत, नुसत्या पाटी-पुस्तकाने भागणार नाही. म्हणून पुढच्या वर्षी, १९३५ ला, डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या पुढाकाराने दवाखाना सुरू झाला. कापसाच्या मळ्यांचे मालक आपल्या कुळांना दवाखान्यात जाऊ देईनात. तेव्हा या बायांनी औषधे मोटारीत भरली आणि दवाखानाच मळ्यावर नेला. देवी आणि घटसर्पाच्या लसी दिल्या, दात तपासले, काय खावे ते समजावले. काही वर्षे दर उन्हाळ्यात हे काम चालले.

यातून आपण तीन गोष्टी घ्याव्यात. आधी गरज पाहिली, मग काम ठरवले. माणसे येऊ शकत नव्हती तर आपण त्यांच्याकडे गेलो. आणि शिकलेल्या बाया नोकरी लागली म्हणून समाजापासून तुटल्या नाहीत. आपल्या वस्तीतही आज नर्स, शिक्षिका, अंगणवाडी सेविका झालेल्या लेकी आहेत. मंडळाने त्यांना बोलावले पाहिजे.

मंडळाने हाती घ्यायची चार कामे

१. रक्तपांढरी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर रक्त कमी समजावे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. शौचाला काळे होते, त्याला घाबरून गोळी सोडू नये. पालेभाजीवर लिंबू पिळावे. मटण, सुकट, अंडी जमेल तेव्हा बाईच्या ताटातही पडली पाहिजेत, नुसती पुरुषांच्या नाही.

२. गरोदर बाईची सोबत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी मंडळाची एक बाई सोबत जावी. तोंडावर सूज, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे किंवा झटका, यातले काहीही दिसले तर ९ तारखेची वाट पाहू नये. लगेच १०८ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे.

३. गर्भपिशवीचे ऑपरेशन. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे पुढे आले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या जिल्ह्यातूनही टोळ्या कारखान्यावर जातात. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास, यावर बहुतेक वेळा औषधाने इलाज होतो. 'पुढे कॅन्सर होईल' एवढ्या सांगण्यावर होकार देऊ नये. आधी सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. कमी वयात पिशवीसोबत अंडाशयही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात. खरोखर गरज असेल तर ऑपरेशन जरूर करावे, पण समजून-उमजून.

४. रक्तदाब. बीपीचे बॅटरीवर चालणारे यंत्र वर्गणीतून घेता येते. पाच मिनिटे शांत बसवून, हात छातीच्या उंचीला टेकवून मोजावे. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. १४०/९० किंवा जास्त आले तर दवाखान्यात पाठवावे. मंडळाने औषध द्यायचे नाही, माणूस डॉक्टरपर्यंत पोहोचवायचा.

सभासद कशा घडतात?

काम वाटून दिल्याने घडतात. एकीने वही सांभाळावी : कोण गरोदर, कितवा महिना, कुणाच्या गोळ्या संपल्या. एकीने बीपी मोजायला शिकावे, एकीने दवाखान्यातली केस पेपरची खिडकी आणि योजनांचे कागद समजून घ्यावेत. जिला लिहिता येत नाही तिच्याशेजारी आठवी-नववीची पोरगी बसवावी, दोघी शिकतात. दर सहा महिन्यांनी कामे बदलावीत. अध्यक्षपद एकाच घरात राहू नये. बैठकीत रोज एका नव्या बाईने पाच मिनिटे उभे राहून बोलावे. आज विहारात बोलणारी बाई उद्या ग्रामसभेत बोलते. आणि दुसऱ्या बाईचा आजार वहीत राहावा, गल्लीत जाऊ नये. हा नियम मोडला तर कुणीही मंडळाकडे येणार नाही.

शहरातल्या वस्त्यांसाठी सरकारची महिला आरोग्य समिती असते. साधारण ५० ते १०० घरांमागे एक समिती आणि वर्षाला ५,००० रुपयांचा निधी, अशी तरतूद आहे. खेड्यात गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. आपल्या भागातल्या समितीत कोण आहे, निधी कशावर खर्च झाला, हे आशाताईंना विचारावे आणि आपल्या बाया समितीत पाठवाव्यात.

सुरुवात कुठून?

वर्षावासात बाया रोज विहारात जमतात, त्याहून चांगली वेळ नाही. वाचन झाल्यावर आठवड्यातून एक दिवस अर्धा तास आरोग्याला द्यावा. पहिल्या महिन्यात फक्त वही करावी आणि सगळ्यांचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. दुसऱ्या महिन्यात गरोदर बायांची सोबत सुरू करावी. चारही कामे एकदम हाती घेऊ नयेत. एक काम वर्षभर नेटाने चालले, की पुढचे काय करायचे ते वस्तीच सांगेल.