टॉमी बो : सीमेवरच्या गावातला, अख्ख्या आयर्लंडचा विंगर

आयर्लंडची १९२१ मध्ये फाळणी झाली. उत्तरेचा भाग ब्रिटनकडे राहिला. पुढे फुटबॉलचे संघही दोन झाले, रग्बीचा मात्र एकच राहिला. टॉमी बोची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

१९८४ मध्ये जन्मलेला बो मोनाहन काउंटीतल्या एमिव्हेलचा. गाव आयर्लंड प्रजासत्ताकात, शाळा सीमेपलीकडे आर्मामध्ये. ज्या अल्स्टर संघाकडून तो खेळला, त्याचं मैदानही पलीकडेच, बेलफास्टमध्ये. सीमाभागातल्या माणसाला यातलं वेगळं काही सांगायला नको.

विंगर म्हणजे पंधरा जणांतला कडेने पळणारा चपळ गडी. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे पाच गुण. बोने आयर्लंडसाठी ६९ सामन्यांत असे ३० ट्राय केले.

त्यातला सर्वांत मोलाचा २१ मार्च २००९ चा, कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध. रोनन ओ'गाराने पुढे उचलून मारलेला चेंडू बोने पळतापळता पकडला आणि थेट रेषा गाठली. आयर्लंड १७-१५ ने जिंकला. सिक्स नेशन्सचे पाचही सामने जिंकण्याचा ग्रँड स्लॅम १९४८ नंतर, तब्बल ६१ वर्षांनी मिळाला.

पण याच कार्डिफने त्याला दोनदा जायबंदीही केलं. २०१५ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध गुडघा गेला. सावरून परतला, तर २०१७ मध्ये वेल्सविरुद्ध बदली म्हणून उतरताच पाय दुखावला. तोच त्याचा देशासाठीचा शेवटचा सामना. २०१८ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. आयर्लंडचा रग्बी संघ मात्र आजही एकच आहे.