फिटची गोळी मनाने बंद करताय? थांबा! 'सोडियम व्हॅल्प्रोएट' घेणाऱ्यांनी आणि घरच्यांनी एवढं लक्षात ठेवा

घरात कुणाला फिट येते म्हणून डॉक्टर गोळी सुरू करतात. सहा-आठ महिने फिट येत नाही. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, "आता काय झालंय त्याला? एवढ्या गोळ्या खाऊन किडनी खराब व्हायची, बंद कर." गोळी बंद होते आणि काही दिवसांतच रानात, विहिरीच्या कडेला नाहीतर मोटारसायकलवर पुन्हा फिट येते. गावाकडे हे चित्र नवीन नाही.

फिटसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक म्हणजे सोडियम व्हॅल्प्रोएट. कंपनीनुसार पाकिटावरचं नाव बदलतं, पण खाली बारीक अक्षरात हे नाव किंवा 'डायव्हॅल्प्रोएक्स' असं लिहिलेलं असतं. औषध चांगलं आहे, पण ते घेण्याचे नियम पाळावे लागतात.

एकच गोळी, दोन आजार

आकडी, मिरगी, फिट किंवा अपस्मार ही एकाच आजाराची नावं. मेंदूतल्या पेशी एकदम जास्त प्रमाणात विजेचे संदेश सोडू लागल्या की फिट येते. व्हॅल्प्रोएट या पेशींना शांत ठेवतं.

हीच गोळी बायपोलर आजारातही देतात. या आजारात माणूस काही दिवस किंवा आठवडे अति उत्साहात असतो. झोप लागत नाही, बडबड वाढते, पैसे उधळले जातात, भांडणं होतात. नंतर तोच माणूस उदास होऊन अंथरूण सोडत नाही. 'बाहेरचं झालंय' म्हणून अशा माणसाला देवऋषाकडे नेण्यात कित्येक महिने जातात. खरं तर हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

म्हणून शेजाऱ्याच्या हातात तीच गोळी दिसली तर त्याला फिटच येते किंवा तो 'वेडा' आहे असं समजू नका. आणि त्याची गोळी पाहून आपली सुरू करू नका. डोस वय, वजन आणि आजार पाहून ठरतो.

त्रास नाही, म्हणजे गोळी काम करतेय

फिट येत नाही याचा अर्थ आजार गेला असा नाही. गोळीने तो दाबून धरलेला असतो. ती एकदम बंद केली तर एकामागून एक फिट येऊ शकतात, मध्ये शुद्धच येत नाही. यात जीव जाऊ शकतो. बायपोलरच्या रुग्णाचा आजार उलटतो.

गोळी कधीच बंद होत नाही, असंही नाही. फिटच्या अनेक रुग्णांत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ एकही फिट आली नाही, तर डॉक्टर तपासणी करून डोस हळूहळू, काही महिन्यांत कमी करतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा.

गोळी घ्यायची कशी?

- रोज ठरलेल्या वेळी, जेवणानंतर घ्या. रिकाम्या पोटी मळमळतं. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचा उपवास असला तरी गोळी चुकवू नका, फराळानंतर घ्या. पूर्ण निर्जळी उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- पाकिटावर 'क्रोनो', 'सीआर' किंवा 'ईआर' लिहिलं असेल तर ती गोळी चावू नका, कुटू नका. ती शरीरात हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. लहान मुलांसाठी पातळ औषध मिळतं.
- एक वेळ विसरली तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.
- पावसाळ्यात ओढ्याला पाणी येऊन रस्ता बंद होतो, वारीत किंवा ऊसतोडीला गेल्यावर ओळखीचं मेडिकल सापडत नाही. किमान पंधरा दिवसांची गोळी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो जवळ ठेवा.
- मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर औषधाचं नाव, मिलिग्राम आणि 'क्रोनो' आहे का, हे तिन्ही जुळवून बघा. शंका आली तर डॉक्टरांना फोन करा.

लग्न ठरतंय? ही गोष्ट लपवू नका

सगळ्यात जास्त धोका इथे आहे. मुलीचं लग्न जमवताना आजार लपवला जातो. सासरी कळू नये म्हणून गोळी बंद केली जाते, नाहीतर चोरून घेतली जाते. दोन्ही घातक.

गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण १०० मागे २ ते ३ असतं. पाठीच्या कण्याचं, हृदयाचं व्यंग किंवा टाळू फाटलेली असू शकते. शिवाय १०० पैकी ३० ते ४० मुलांमध्ये बोलणं, चालणं, शिकणं मागे पडू शकतं. बाळाचा कणा पहिल्या महिन्याभरातच तयार होतो. तेव्हा दिवस गेलेत हे बऱ्याच बायकांना कळलेलंही नसतं.

म्हणून लग्न ठरण्याच्या सुमारासच डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा दुसरी गोळी देता येते, पण तो बदल दिवस जाण्याच्या आधी करावा लागतो. तोपर्यंत कुटुंबनियोजनाचं साधन वापरावं लागतं. आशाताई किंवा आरोग्यसेविकेशी बोलायला संकोच करू नका.

आणि ही गोळी सुरू असताना दिवस गेलेच, तर घाबरून ती एकदम सोडू नका. मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

कावीळ उतरवत बसू नका

वजन वाढणं, केस गळणं, हात थरथरणं, सुस्ती हे त्रास काही जणांना होतात. ते डॉक्टरांना सांगा, डोस कमी-जास्त करता येतो. पण पुढची लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठा:

- भूक पूर्ण जाणं, सतत उलट्या, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं
- पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखणं
- अंगावर काळे-निळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त
- खूप गुंगी, गोंधळल्यासारखं वागणं
- जीव देण्याचे विचार

ही गोळी क्वचित यकृताला सूज आणते. पहिल्या सहा महिन्यांत हा धोका जास्त, दोन वर्षांखालच्या बाळांमध्ये आणखी जास्त. म्हणून रक्ततपासणी टाळू नका. डोळे पिवळे दिसले की गावाकडे आधी झाडपाला देऊन कावीळ उतरवायला नेतात. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याच्या बाबतीत तो वेळ महागात पडतो.

दारू पूर्ण बंद ठेवा. दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी दवाखान्यात गेलात, तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. काही अँटिबायोटिक इंजेक्शनांमुळे तिचा असर झपाट्याने कमी होतो. अ‍ॅस्पिरिनही विचारल्याशिवाय घेऊ नका.

रात्रीची लाईट आणि जागरण

जागरणाने फिटही येते आणि बायपोलरचा रुग्णही बिघडतो. रात्रीच्या लाईटवर पिकाला पाणी द्यायची पाळी अशा माणसावर टाकू नका. फिट पूर्ण आटोक्यात येईपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल, मळणी यंत्र, कडबाकुट्टी आणि विहिरीत पोहणं बंद. चुलीजवळही एकटं बसू देऊ नका.

फिट आलीच तर कांदा, चप्पल हुंगवू नका. हातात किल्ली देऊ नका. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा आणि घड्याळ बघा. फिट ५ मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

मदत कुठे मिळेल?

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी होते. औषध विकत घ्यायचं असेल तर जनऔषधी केंद्रात आधी विचारा, तिथे ते स्वस्त पडतं. मनाच्या आजाराबद्दल बोलायचं असेल तर सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

रोज गोळी घेणारा मुलगा शेती करू शकतो, मुलगी शिकू शकते, दोघांचंही लग्न होऊन संसार नीट चालू शकतो. त्यासाठी घरच्यांनी एवढंच करायचं: गोळी वेळेवर द्यायची आणि ती बंद करायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्यायचं.