तलावात रोवणी!

भाताची रोवणी तुम्ही पाहिली असेल. चिखलात वाकून एकेक रोप खोचत मागे मागे सरकायचं. पण ही रोवणी कुणी तलावाच्या तळाला करताना पाहिलंय? आणि तीही भातासाठी नाही, माशांसाठी!

गोंदिया-भंडारा जिल्ह्यांत गावोगावी जुने तलाव आहेत. कोहळी समाजाने मातीची पाळ घालून ते कधीचे बांधून ठेवलेत. माजी मालगुजारी तलाव म्हणतात त्यांना. एवढं लांबलचक कोण बोलणार? म्हणून मामा तलाव!

या मामाकडे एक आगंतुक पाहुणी घुसली. बेशरम. फुलं छान जांभळट-गुलाबी, पण मूळची दक्षिण अमेरिकेकडची ही झुडपं हटता हटत नाहीत. गुरं तोंड लावत नाहीत, आणि तोडून फेकलेली फांदीसुद्धा ओल मिळाली की मूळ धरते. काठाच्या उथळ पाण्यात तिने बस्तान मांडलं आणि तिथल्या पाणवनस्पतींना जागाच उरेना.

आता म्हणाल, गवत गेलं तर माशांचं काय बिघडलं? बरंच बिघडलं. कितीतरी मासे पाण्यातल्या पानांना अंडी चिकटवतात. इवली पिल्लं तिथेच लपतात, तिथलेच किडे खातात. शिवाय पाण्याखालची ही झाडं प्राणवायू सोडतात. ऊन पडलं की पानांवर बारीक बुडबुडे दिसतात ना, तोच तो!

मासे धरणाऱ्या ढिवर कुटुंबांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. कुठली वनस्पती काठाला, कुठली खोल पाण्यात, सगळं पाठ. मग अर्जुनी मोरगाव भागात ढिवर बायकांचे गट, मच्छीमार संस्था आणि अभ्यासक एकत्र आले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळाची माती मोकळी करायची आणि पावसाळ्यात दुसऱ्या तलावातून आणलेली रोपं चिखलात रोवायची. पाठ मोडणारं काम आहे हे, पण रोवणीचा हात सरावाचा!

झाडं रुजली की तलाव भरू लागतो. मासे, गोगलगायी, बेडूक, त्यांच्या मागे बगळे. तरंगत्या पानांवरून लांबलचक बोटांचा कमळपक्षी तुरुतुरु चालतो. त्याचं घरटंही पानांवरच. आणि अंडी कोण उबवतं, सांगा पाहू? बाबा! आई अंडी घालून दुसरा जोडीदार शोधायला निघूनसुद्धा जाते.