संगणकातल्या चार सऱ्या

आमच्या टेंभुर्णीच्या शिवारात उसाचं नवं वाण आलं, तर कुणी ते एकदम पाच एकरांत लावत नाही. आधी बांधाकडेच्या चार सऱ्यांत लावतात. उगवण कशी होते, फुटवे किती येतात, तांबेरा पडतो का, हे वर्षभर डोळ्यांखाली ठेवतात. जमलं तर पुढच्या हंगामात वाढवायचं. नाही जमलं तर नुकसान चार सऱ्यांपुरतंच.

रानात इतका सावध आणि तरीही इतका धाडसी असणारा माणूस घरातल्या संगणकापुढे मात्र नुसता भितो. "हात लावू नकोस, बिघडंल," हे वाक्य मी लहानपणी पन्नासदा ऐकलं. बारावीत असताना मी ते मोडलं. मित्राने दिलेल्या सीडीवरून विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायला गेलो आणि डिस्कचे भाग पाडताना चुकीच्या ओळीवर बटण दाबलं. वडिलांनी टाइप करून ठेवलेले उसाच्या बिलांचे हिशेब आणि ताईच्या लग्नाचे फोटो एका संध्याकाळी गेले. वडील रागावले नाहीत, पण पुढचे कित्येक दिवस संगणकावरचं कापडी झाकण निघालं नाही. शिकण्याची हौस चूक नव्हती. चूक एवढीच, की मी चार सऱ्यांऐवजी अख्खं रान नांगराखाली घातलं होतं.

त्या चार सऱ्या संगणकातही पाडता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

टंचाईतून जन्मलेली कल्पना

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात एका प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला स्वतःची मेमरी असते, डिस्क असते, नेटवर्क कार्ड असतं. त्याची डिस्क ही आपल्या खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. आतली ऑपरेटिंग सिस्टीम आपण खऱ्याच यंत्रावर आहोत असं समजून चालते. बाहेरच्या संगणकाला यजमान म्हणतात, आतल्याला पाहुणा.

ही कल्पना सुबत्तेतून आलेली नाही. १९६०च्या दशकात एका मोठ्या संगणकाची किंमत अफाट होती आणि तो वापरू पाहणारे अनेक होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे आयबीएमच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटाने यावर उत्तर काढलं. सीपी-४० नावाची त्यांची प्रणाली १९६७च्या सुरुवातीला वापरात आली. ‘सिस्टीम ३६० मॉडेल ४०’ या एकाच यंत्रावर तिने १४ जणांना १४ वेगवेगळे संगणक भासवले. प्रत्येकाच्या वाट्याला २५६ किलोबाइट मेमरी आली. एकाचा प्रोग्रॅम कोसळला तरी शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे. पुढे २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ जाहीर केली आणि ही कल्पना व्यापारी वापरात रुजली.

एक यंत्र आणि वापरणारे अनेक, हे चित्र आपल्याला परकं नाही. आजही कित्येक घरांत संगणक एकच असतो. त्यावरच मुलीचा प्रोजेक्ट होतो, वडिलांचे हिशेब राहतात आणि ऑनलाइन अर्जही भरले जातात. केंब्रिजमधल्या त्या १४ जणांची अडचण आणि टेंभुर्णीतल्या चौघांच्या कुटुंबाची अडचण मुळात एकच आहे.

पाटकरी आणि पाळी

हे चालतं कसं, ते उजनीच्या कालव्याकाठच्या माणसाला समजायला अवघड नाही. आवर्तन सुटलं की पाणी एकच असतं, रानं अनेक असतात. पाटकरी पाळ्या लावतो. ज्याची पाळी, त्याच्या रानात पूर्ण धार. प्रोसेसरचा वेळ असाच वाटला जातो आणि या पाटकऱ्याला संगणकाच्या भाषेत हायपरव्हायजर म्हणतात. पाहुण्याच्या साध्यासुध्या आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, म्हणून वेग फारसा घटत नाही. पण सगळ्या यंत्रावर परिणाम करणारी आज्ञा आली, की हायपरव्हायजर ती अडवतो आणि तिचा परिणाम पाहुण्यापुरताच ठेवतो.

कोणत्या प्रोसेसरवर हे नीट साधेल, याचे नियम जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली मांडले. घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या एक्स८६ घराण्यातले प्रोसेसर त्या नियमांत बसत नव्हते. त्यांच्यात १७ आज्ञा अशा होत्या, की त्या अडवल्याच जात नसत. पाटकऱ्याच्या नकळत कुणी दार फोडून पाणी वळवावं, तसा हा प्रकार. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा ऐन वेळी बदलून टाकण्याची युक्ती वापरली आणि १९९९मध्ये साध्या पीसीवर चालणारा ‘वर्कस्टेशन’ आणला. नोव्हेंबर २००५मध्ये इंटेलने आणि २००६मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच ही सोय घातली. व्हर्च्युअलबॉक्स हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम २००७च्या जानेवारीत ‘इनोटेक’ या जर्मन कंपनीने खुला केला. आज तो ओरॅकलकडे आहे.

एका संध्याकाळचं काम

आधी तपासणी. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे ‘एनेबल्ड’ असेल तर मार्ग मोकळा. ‘डिसेबल्ड’ असेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन सोय चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रावर तिचं नाव बहुधा ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ असतं, एएमडीच्या यंत्रावर ‘एसव्हीएम’.

मेमरी ८ जीबी असेल तर पाहुण्याला ४ जीबी द्या. निम्म्याहून जास्त देऊ नका, नाहीतर यजमानच उपाशी राहील. डिस्कवर निदान ३० जीबी मोकळी जागा हवी. व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. लिनक्सची आयएसओ फाइल, म्हणजे बसवण्याच्या सीडीची फाइलरूप प्रत, तीही तशीच घ्या. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची २४.०४ ही आवृत्ती घेतली, तर फाइल सुमारे ६ जीबीची आहे. मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा तिला पुरत नाही, म्हणून वायफाय असलेल्या ठिकाणाहून पेनड्राइव्हवर आणणं सोयीचं. मेमरी ४ जीबीच असेल तर लुबुंटूसारखी हलकी आवृत्ती निवडा आणि पाहुण्याला २ जीबी द्या.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘न्यू’ दाबा, यंत्राला नाव द्या, आयएसओ फाइल दाखवा, आपोआप बसवण्याचा (अनअटेंडेड) पर्याय बंद ठेवा, मेमरी आणि दोन प्रोसेसर नेमून द्या. डिस्क २५ जीबीची ठेवा. ती लागेल तशी वाढत जाणारी असते, पहिल्याच दिवशी सगळी जागा अडवत नाही. मग ‘स्टार्ट’.

थोड्या वेळाने पडद्यावर एक पर्याय येतो : ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू’. डिस्क पुसा आणि बसवा. इथे प्रत्येकाचं बोट थबकतं. माझं तर फार वेळ थबकलं होतं, कारण असंच एक बटण मी पूर्वी दाबलं होतं. पण या वेळी पुसली जाणार होती ती आत्ताच तयार केलेली रिकामी फाइल. पाहुण्याला तेवढीच डिस्क दिसते. वडिलांचे हिशेब त्याच्या नजरेपलीकडे असतात, जसं बांधापलीकडचं रान. पडद्याची खिडकी व्हर्च्युअलबॉक्सचीच आहे एवढी खात्री करा आणि बटण दाबा.

बसवून झालं की ‘गेस्ट ॲडिशन्स’ हा व्हर्च्युअलबॉक्सचा जोडसंच पाहुण्यात टाका. पडदा पूर्ण भरतो आणि दोन्ही संगणकांत फाइलींची देवाणघेवाण करता येते. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर मध्ये आलेला आहे आणि वेग कमी मिळेल, असं समजावं.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट : स्नॅपशॉट. पाहुणा नीट चालत असतानाच्या क्षणाची ही नोंद. ती घेऊन मी मुद्दाम पाहुण्यातला ‘यूएसआर’ हा मुख्य फोल्डर पुसून टाकला. यंत्र उठेना. मग स्नॅपशॉट परत आणला. अर्ध्या मिनिटात उबुंटू पूर्वीसारखं उभं. बारावीतल्या मुलाला हवी होती ती मोकळीक हीच.

जुन्या मराठी फाइलींना आसरा

या यंत्राचा आणखी एक उपयोग मराठीच्या जिव्हाळ्याचा आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या प्रणालींत टाइप होई. पुष्कळशा फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की निव्वळ चिन्हांचा चिखल दिसतो. गावोगावच्या स्मरणिका, सप्ताहाच्या पत्रिका, संस्थांचे अहवाल अशाच पेजमेकरच्या फाइलींत पडून आहेत आणि ते वाचणारे विंडोज एक्सपीचे संगणक एकेक करून बंद पडत आहेत. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला.

आपल्याकडे परवान्यासह जुनी सीडी असेल, तर ते जुनं विंडोज आणि ते मराठी सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवता येतं. त्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची चावी, असेल तर तो पाहुण्याकडे सोपवता येतो. पाहुण्याचं नेटवर्क मात्र बंदच ठेवावं, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारी सिस्टीम इंटरनेटला जोडणं धोक्याचं. मजकूर उघडला की पीडीएफ करून ठेवा आणि सवडीने युनिकोडमध्ये आणा.

तीन सावधगिऱ्या

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. खरी डिस्क गेली तर पाहुणा आणि स्नॅपशॉट दोन्ही जातील, म्हणून महत्त्वाचं काम बाहेरच्या डिस्कवरही ठेवा. आमच्याकडे वीज कधीही जाते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर काम थांबवताना ‘सेव्ह स्टेट’ करून उठा. आणि पाहुण्यात विंडोज बसवायचं तर त्याला वेगळा परवाना लागतो. लिनक्सला लागत नाही.

इंग्रजीची भीती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लहान लहान धडे मराठीतही आहेत. त्यांपासून सुरुवात करा.

एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने २००१पासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत संगणक वापरायला शिकवलं. आता पुढची पायरी तो उघडून पाहण्याची आहे, आणि ती चुकल्याशिवाय चढता येत नाही. या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या संगणकात मुलांना चार सऱ्या पाडून द्या. त्यांत त्यांना हवं ते लावू द्या, मोडू द्या, पुन्हा उभं करू द्या. बाकीचं रान सुरक्षित आहे.