बाणाच्या मागचं गाव

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड सोडून आंबिवलीत थांबते. शेजारच्या मोहोन्यात एनआरसी कंपनी होती, तिची मोठी कामगार वसाहतही. 2009 मध्ये कंपनीला टाळं लागलं. वस्ती मात्र वाढतच राहिली. ही माणसं आली कुठून?

याचं उत्तर नकाशावर मांडायची रीत जुनी आहे. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने 1858 सालच्या जगभरच्या स्थलांतराचे पट्टे रंगवले. माणसं जास्त, तिथं पट्टा रुंद. 1885 मध्ये भूगोल अभ्यासक रॅव्हनस्टाइनने ब्रिटनच्या जनगणनेवरून दाखवून दिलं, की बहुतेक लोक फार लांब जातच नाहीत.

आपल्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 45 कोटी लोक स्थलांतरित ठरले. लग्न होऊन शेजारच्या गावात नांदायला गेलेली मुलगीही त्यात आली, म्हणून आकडा एवढा फुगलेला. उत्तर प्रदेशातून ठाणे जिल्ह्यात आलेल्यांचा बाण जनगणनेच्या तक्त्यांवरून काढता येतो. पण सातारा, जळगाव, सिंधुदुर्ग? प्रसिद्ध झालेल्या जिल्हावार तक्त्यांत हे सगळे ‘राज्यातील इतर जिल्हे’ या एकाच रकान्यात कोंबलेले. बाणाचं टोक दिसतं, मागचं गाव गायब.

मग अंदाज बांधावा लागतो. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली, ठाण्याची 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली. कोकणातून थेट ठाण्याला जाड रेघ ओढायचा मोह इथं होतोच! पण त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्यातलेही अडीच लाख लोक कमी झाले. परळची खोली सोडून कल्याणपलीकडे घर घेणाऱ्या मूळच्या कोकणी माणसाला कोणत्या रेघेत धरायचं? जनगणनेत जन्मस्थान आणि आधीचं राहण्याचं ठिकाण वेगवेगळं विचारतात. एका उत्तराने तो रत्नागिरीचा ठरतो, दुसऱ्याने मुंबईचा.

हद्दीचे खेळ आणखी वेगळे. डोंबिवली सोडून आंबिवलीत आलेलं कुटुंब त्याच महापालिकेत राहतं, म्हणून जनगणनेच्या लेखी ते हललंच नाही. उलट, मोखाड्याहून इकडच्या वीटभट्टीवर येणारं कातकरी कुटुंब पूर्वी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरत होतं. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि तीच वाट आंतरजिल्हा झाली.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. त्या वेळी निदान कोणत्या जिल्ह्यातून कोणत्या जिल्ह्यात किती माणसं गेली, एवढा तक्ता तरी सरकारने सर्वांसाठी खुला करावा.