मिनार्डीचे ३८ गुण

२६ सप्टेंबर १९९९. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत ऊन-पावसाचा खेळ चालला होता आणि नामांकित गाड्या एकेक करून बाद होत होत्या. त्या गोंधळात मिनार्डी या छोट्या संघाची लुका बादोएरची गाडी चक्क चौथ्या क्रमांकावर येऊन पोचली. शेवटच्या १३ फेऱ्या उरल्या असताना गिअरबॉक्स गेला. बादोएर खाली उतरला आणि बंद पडलेल्या गाडीशी बसून हमसून हमसून रडला. फॉर्म्युला वनमध्ये त्याला पुढेही कधी एक गुण मिळाला नाही.

चौथ्या क्रमांकासाठी एवढं रडू का, हे कळायला तेव्हाचा हिशेब माहीत हवा. गुण फक्त पहिल्या सहा जणांना मिळत आणि मोसमाअखेर पहिल्या दहा संघांत नाव लागणं म्हणजे छोट्या संघाचा पुढच्या वर्षीचा खर्च हलका होणं. त्याच शर्यतीत मिनार्डीच्या दुसऱ्या गाडीतल्या मार्क हेनेने विजेतेपदाच्या झुंजीत असलेल्या एडी अर्व्हाइनच्या फेरारीला मागे रोखून धरलं आणि सहावा क्रमांक घेतला. एक गुण! त्या एका गुणावर मिनार्डी दहावी आली. तंबाखू कंपनीच्या अफाट पैशावर त्याच वर्षी उतरलेला बीएआर संघ शून्यावर राहिला.

उत्तर इटलीतलं फाएन्झा हे मातीच्या रंगीत, चकचकीत भांड्यांसाठी शतकानुशतकं नावाजलेलं गाव. इथल्या जियानकार्लो मिनार्डीच्या घरी फियाट गाड्यांच्या विक्रीचा धंदा होता. फॉर्म्युला टूमध्ये जम बसल्यावर १९८५ साली त्याने एक गाडी आणि पिएरलुइजी मार्टिनी हा एक ड्रायव्हर घेऊन फॉर्म्युला वनमध्ये उडी घेतली. पहिला गुण यायला १९८८ची डेट्रॉइटची शर्यत उजाडली. तोही मार्टिनीनेच आणला. इंजिन विकत घ्यायचं, पुष्कळदा जुन्या पिढीतलं. आणि एखादी जागा प्रायोजकाचा पैसा घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला द्यायची. संसार असा चालायचा.

तरी काही दिवस सोन्याचे आले. १९८९ला पोर्तुगालमध्ये मार्टिनीने एक फेरी आघाडीवर काढली. संघाच्या इतिहासात तेवढी एकच. १९९०ला फिनिक्सला शनिवारी पाऊस आला, पात्रता फेरीतल्या शुक्रवारच्या वेळा कायम राहिल्या आणि मार्टिनी पहिल्या रांगेत उभा राहिला. पुढच्या वर्षी फाएन्झाच्या शेजारच्या इमोलात तो चौथा आला. त्यावर मजल कधीच गेली नाही.

पण माणसं ओळखण्यात हा संघ कुणाला हार गेला नाही. फिसिकेला, त्रुली, अलोन्सो, वेबर या चौघांनी फॉर्म्युला वनची पहिली शर्यत मिनार्डीतून केली आणि पुढे चौघांनीही शर्यती जिंकल्या. अलोन्सो २००१ला आला तेव्हा १९ वर्षांचा होता. नंतर तो दोनदा जगज्जेता झाला. २००२ला मेलबर्नला पहिल्याच वळणावर आठ गाड्या आदळून बाद झाल्या आणि घरच्या मैदानावर वेबर पाचवा आला. तेव्हा संघाचा मालक पॉल स्टॉडार्टही ऑस्ट्रेलियाचाच. बक्षीस समारंभ आटोपल्यावर दोघं त्याच मंचावर चढले आणि प्रेक्षकांनी त्यांना विजेत्यासारखं डोक्यावर घेतलं.

या कहाणीत एक भारतीय नावही आहे. २००५ला इंडियानापोलिसला टायरच्या वादामुळे मिशेलिन वापरणाऱ्या १४ गाड्या सुरुवातीलाच पिटमध्ये परतल्या आणि सहाच धावल्या. जॉर्डन या दुसऱ्या छोट्या संघाचा नारायण कार्तिकेयन चौथा आला, मिनार्डीच्या दोन्ही गाड्या त्याच्या मागे पाचव्या आणि सहाव्या. भारतीय ड्रायव्हरचे फॉर्म्युला वनमधले ते पहिले गुण.

त्याच वर्षी रेड बुलने संघ विकत घेतला. चाहत्यांना मिनार्डी हे नाव राहावंसं वाटत होतं, ते गेलं. ३४० शर्यती, ३८ गुण, पहिल्या तिनांत एकदाही नाही, अशी नोंद मागे राहिली. फाएन्झातला कारखाना मात्र हलला नाही. २००८ला तोरो रोस्सो या नव्या नावाने सेबॅस्टियन वेटेलने भर पावसात मोन्झा जिंकलं, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. २०२०ला अल्फाटाउरी या नावाने पिएर गास्लीने पुन्हा मोन्झाच जिंकलं. आज तोच संघ रेसिंग बुल्स म्हणून उतरतो आणि त्याचा पत्ता अजून फाएन्झाचाच आहे.