लाजेला गुण किती?

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो आणि रिवाजाप्रमाणे ‘तुम्हाला सोशल अँग्झायटी आहे का? लगेच तपासा’ असले फॉर्म मोबाइलवरून फिरतात. या जातीची बरीच चलनात असलेली चाचणी म्हणजे १७ प्रश्नांची ‘स्पिन’. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात कॅथरिन कॉनर, जोनाथन डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली. २००० साली ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ६८, आणि १९ च्या पुढे गेलात तर तज्ज्ञाला दाखवा. हा १९ चा आकडा तिकडून उचलून दुसऱ्या देशात तसाच लावता येत नाही, म्हणून प्रत्येक भाषेत प्रमाणीकरणाचा खटाटोप करावा लागतो. तो नेमका कुठे अडतो हे पाहायचं तर इराण बघावा. तिथे मेहर महिन्यात, म्हणजे २३ सप्टेंबरच्या सुमाराला, शैक्षणिक वर्ष सुरू होतं आणि नव्या विद्यार्थ्यांपुढे फारसीत आणलेल्या अशाच प्रश्नावल्या येतात.

कृती ठरलेली आहे. फारसीत भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं, फरक मिटवायचे, मग काही शे विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरून घ्यायचे. पुढे क्रॉनबॅकचा अल्फा, घटक विश्लेषण, काही आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी. अल्फा ०.९ च्या आसपास आला की शोधनिबंध तयार. पण अल्फा एवढंच सांगतो, की प्रश्न एकमेकांशी जुळतात. सगळे मिळून भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवत असतील, तरी तो झकासच येणार.

या धंद्यातला मला आवडलेला माणूस म्हणजे स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठातले विसेन्ते काबायो. प्रश्न तज्ज्ञांनी खोलीत बसून ठरवू नयेत, असं त्यांचं धोरण. त्यांच्या गटाने स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतल्या लोकांकडूनच ‘कुठल्या प्रसंगी तुम्ही अवघडता’ हे गोळा केलं आणि त्यातून गाळत गाळत ३० प्रश्न उरवले. त्यांचे पाच गट पडतात: चारचौघांत किंवा वरिष्ठांसमोर बोलणं, अनोळखी माणसं, भिन्नलिंगी व्यक्ती, नाराजी तोंडावर सांगणं, आणि टीका किंवा फजिती. इतकी मेहनत असूनही यातले दोन गट तेहरानच्या वर्गात जाताच वेगळे वागू लागतील, असं मला वाटतं.

भिन्नलिंगी व्यक्तींचा गट घ्या. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये मुलामुलींच्या शाळा वेगळ्या झाल्या. ‘कोनकूर’ ही प्रवेश परीक्षा पार करून अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा विद्यापीठात येतो, तेव्हा मुलींसोबत एका वर्गात बसण्याची त्याची बहुधा पहिलीच वेळ असते. आवारात शिस्तपालन समिती असते. वागण्याबद्दल, मुलींच्या बाबतीत पोशाखाबद्दलही, जाब विचारला जाऊ शकतो. अशा मुलाला ‘आवडलेल्या व्यक्तीशी बोलणं सुरू करताना किती अस्वस्थ वाटतं?’ असं विचारलं आणि त्याने पैकीच्या पैकी गुण दिले, तर तो आजारी की शहाणा? अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत अट स्पष्ट आहे: भीती प्रत्यक्ष धोक्याच्या आणि त्या समाजातल्या रीतीच्या मानाने अवाजवी असली पाहिजे, आणि साधारण सहा महिने किंवा जास्त टिकलेली असली पाहिजे. फॉर्म भीती किती एवढंच विचारतो. ती अवाजवी आहे का, हे ठरवायला समोर माणूस बसलेला लागतो.

दुसरा गट नाराजीचा. पुण्यात शिकायला आलेल्या इराणी मुलांशी ज्यांची दोस्ती होती, त्यांना ‘तआरोफ’ माहीत असेल. दुकानदार पैसे नकोत म्हणतो, आपण आग्रह धरायचा, त्याने पुन्हा नको म्हणायचं, आणि मग पैसे घ्यायचेच. जिथे साधा सौदाही असा पार पडतो, तिथे ‘तुमचं वागणं मला खटकलं’ हे तोंडावर न सांगणं हा संस्कार असतो. चाचणीत मात्र त्याचे गुण चिंतेच्या खात्यात जमा होतात.

लीबोविट्झ यांच्या सोशल अँग्झायटीच्याच १९८७ च्या जुन्या चाचणीतला एक प्रश्न तर मजेशीर आहे: सार्वजनिक ठिकाणी इतरांबरोबर पिणं. रोख आहे तो चारचौघांत पेला धरताना हात थरथरण्यावर. दारूबंदी असलेल्या देशात ‘चहा’ असा खुलासा न करता तो विचारला, तर विद्यार्थी पोलिसांना घाबरतोय की माणसांना, कोण जाणे.

आणि नमुना म्हणून विद्यार्थीच का? कारण ते हाताशी असतात, आणि प्राध्यापकाने दिलेला कागद नाकारायची त्यांची हिंमत नसते. ‘वरिष्ठांची भीती वाटते’ या वाक्यापुढे खूण करताना ते वरिष्ठ टेबलापलीकडेच उभे असतात! ज्याला खरोखर गर्दीचा धसका आहे, तो त्या दिवशी वर्गात आलेलाच नसतो.

फारसी आवृत्त्या रद्दी आहेत, असं मी म्हणत नाही. घाम, थरथर, चेहरा लाल होणं या तक्रारी तेहरानमध्येही त्याच असतात आणि ते प्रश्न तिथेही उपयोगी पडतील. उरलेल्यांसाठी मुलींचे आणि मुलांचे निकाल वेगवेगळे तपासावे लागतील. दवाखान्यात उपचार घेणाऱ्यांना नमुन्यात आणावं लागेल. काही जणांची तरी तज्ज्ञाकडून समोरासमोर मुलाखत घेऊन फॉर्मचा निकाल तिच्याशी ताडावा लागेल. त्याला माणसं लागतात, तास लागतात, पैसे लागतात. अल्फा काढायला संगणकावर एक बटण पुरतं, आणि पदोन्नतीच्या अर्जात दोन्ही निबंध एकेकच मोजले जातात.